युद्धकालीन हेल्मेट विकत घेण्याआधी: अस्सल कोणते, सजवलेले कोणते

जुन्या लष्करी हेल्मेटांच्या बाजारात नव्याने उतरलेल्या माणसाची समजूत अशी असते की आपल्याला फक्त खोटे हेल्मेट ओळखायला शिकायचे आहे. कालपरवा कारखान्यात दाबून काढलेला टोप ओळखणे हा मात्र या विद्येतला सर्वांत सोपा भाग आहे. खरी अडचण येते ती टोप अस्सल, पोलाद अस्सल, आतला ठसाही अस्सल असताना वरचा रंग, बाजूचे चिन्ह आणि विक्रेत्याने सांगितलेली हकिकत ही तिन्ही नंतर चढवलेली असतात तेव्हा. साध्या हेल्मेटाला एखाद्या नामांकित तुकडीचे चिन्ह लागले की त्याची किंमत अनेक पटींनी वाढते, आणि रंगाची डबी तर फार स्वस्त मिळते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: आधी वस्तू वाचावी, हकिकत नंतर ऐकावी.

बाजारात संशयास्पद माल साधारणतः तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे नक्कल, जी नाटक, चित्रपट किंवा दिवाणखान्याच्या शोभेसाठी उघडपणे बनवली जाते आणि दोन-चार हात बदलल्यावर ‘जुनी’ होते. दुसरा प्रकार युद्धानंतर बनलेल्या खऱ्या लष्करी हेल्मेटांचा; ती खोटी नसतात, पण १९५५ सालचा टोप १९४४ चा म्हणून विकला तर फसवणूक तीच. तिसरा प्रकार वर सांगितलेला, म्हणजे सजवलेल्या अस्सल टोपांचा, आणि या लेखातील बहुतेक जागा त्यालाच द्यावी लागणार आहे.

पहिली पायरी: एकच प्रकार निवडावा

नवख्याने सर्व देशांची हेल्मेटे एकदम गोळा करायला निघू नये. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश मार्क दोन, अमेरिकन एम वन आणि जर्मन एम ३५, एम ४० व एम ४२ ही बाजारात सर्वाधिक दिसणारी हेल्मेटे आहेत, आणि त्यांपैकी एकाच प्रकाराची अस्सल उदाहरणे आधी पुष्कळ पाहिली पाहिजेत. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने आपल्या संग्रहातील असंख्य वस्तूंची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली आहेत. तेथे पुढून, मागून आणि विशेषतः आतून काढलेली छायाचित्रे पाहण्यात घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

भारतात राहणाऱ्याने सुरुवात मार्क दोनपासून करावी, असे माझे मत आहे. उलट्या परातीच्या आकाराचा हा टोप भारतीय सैन्याने दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश अशा तिन्ही आघाड्यांवर वापरला, त्यामुळे तो येथे खरोखर सापडू शकतो. जर्मन हेल्मेटाचे आकर्षण जगभर अधिक आहे हे खरे, पण नकलाकारांचेही सर्वाधिक लक्ष त्याच्यावरच आहे. एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या चिन्हांच्या हेल्मेटाकडे तर नवख्याने पहिली काही वर्षे फिरकूही नये, कारण बाजारातील खोट्या चिन्हांमध्ये त्यांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी पायरी: हकिकतीचे साल आणि वस्तूचे साल

हेल्मेट हातात घेण्याआधीच, नुसत्या छायाचित्रावरून करता येणारी आणि बहुतेक फसवणुकी पकडणारी ही तपासणी आहे. प्रत्येक नमुन्यात युद्धकाळात बदल होत गेले आणि त्या बदलांचा काळ बऱ्यापैकी ठाऊक आहे. विक्रेता ज्या लढाईचे नाव घेतो त्या लढाईच्या वेळी हाती आलेले हेल्मेट अस्तित्वात असू शकत होते का, एवढाच प्रश्न विचारायचा.

अमेरिकन एम वनचे उदाहरण घ्यावे. हा नमुना जून १९४१ मध्ये मंजूर झाला आणि युद्ध संपेपर्यंत दोन कोटींहून अधिक टोप बनले. त्यांतील बहुसंख्य टोप डेट्रॉइटच्या मॅकॉर्ड कारखान्याचे आणि उरलेले सेंट लुईसच्या श्लूटर कारखान्याचे होते. हनुवटीचा पट्टा ज्या कड्यांत अडकतो त्या कड्या सुरुवातीला टोपाला पक्क्या जोडलेल्या, न हलणाऱ्या असत. १९४३ च्या उत्तरार्धात त्यांच्या जागी बिजागरीसारख्या हलणाऱ्या कड्या आल्या. टोपाच्या कडेवरील पातळ पट्टीचा सांधा सुरुवातीला पुढे, कपाळाच्या बाजूस असे, तो १९४४ च्या अखेरीस मागे गेला. आता ‘६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकाचे’ असे सांगितले जाणारे हेल्मेट मागच्या सांध्याचे निघाले, तर पुढील बोलणे तेथेच थांबवता येते. मागचा सांधा आणि हलणारी कडी असलेले टोप युद्धानंतरही दीर्घकाळ वापरात राहिले, त्यामुळे ते स्वस्त आणि मुबलक मिळतात, आणि नेमके म्हणूनच त्यांना सजवले जाते.

ब्रिटिश बाजूला असाच घोळ मार्क तीनबद्दल होतो. कासवाच्या पाठीसारखा खोल दिसणारा हा टोप रणांगणावर दिसू लागला तो १९४४ मध्ये; त्यामुळे १९४० च्या डंकर्कची किंवा १९४२ च्या एल अलामेनची हकिकत त्याला चिकटवता येत नाही. त्याच्याच आकाराचा मार्क चार त्यानंतरचा. त्यात पट्ट्याच्या कड्या कडेच्या अधिक जवळ, खाली बसवलेल्या असतात आणि अस्तर दाबबटणाने चटकन काढता येते. हा मार्क चार ब्रिटिश सैन्याने युद्धानंतर अनेक दशके वापरला. ‘नॉर्मंडीचा मार्क तीन’ म्हणून पुढे केला जाणारा टोप पुष्कळदा मार्क चारच असतो.

जर्मन हेल्मेटांचे वेळापत्रक तर फार उपयोगी पडते. एम ३५ ची कड आत वळवलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या छिद्रांत स्वतंत्र धातूची नळी बसवलेली असते. एम ४० मध्ये ती नळी गेली आणि छिद्राचा उंचवटा टोपाच्याच पत्र्यातून दाबून काढला जाऊ लागला. एम ४२ मध्ये कड वळवणेही बंद झाले, त्यामुळे ती बाहेरच्या बाजूस पसरट आणि उघडी दिसते. याला चिन्हांचा क्रम जोडावा: उजव्या बाजूची तिरंगी ढाल १९४० मध्ये बंद करण्याचा हुकूम निघाला आणि डाव्या बाजूचा सैन्याचा गरुडही १९४३ मध्ये बंद झाला. मग एखाद्या एम ४२ वर तिरंगी ढाल झळकत असेल, तर ती तेथे का आहे याचे समर्थन विक्रेत्याने करायला हवे.

येथे एक सावधगिरी. भाग वेगवेगळ्या काळांतील असले म्हणजे वस्तू खोटीच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश टोपांना १९३८-३९ च्या सुमारास नवे अस्तर बसवून ते पुन्हा सेवेत घेतले गेले, आणि अशी जोडलेली हेल्मेटे पूर्णपणे अस्सल आहेत. सैन्य वस्तू फेकत नाही, दुरुस्त करते. त्या दुरुस्तीमागे सैन्याचा काही हेतू दिसतो का, हे पाहावे.

तिसरी पायरी: वजन, चुंबक आणि कड

हेल्मेट प्रत्यक्ष पाहायला जाताना तीन गोष्टी बरोबर ठेवाव्यात: स्वयंपाकघरातील डिजिटल काटा, लहानसे लोहचुंबक आणि नोटा तपासण्यासाठी मिळते तशी अतिनील प्रकाशाची टॉर्च.

मार्क दोनचे वजन साधारण १.१ किलो भरते, तर एम वन आतल्या अस्तरासह साधारण १.३ किलोच्या आसपास असतो. शोभेच्या नकला पातळ पत्र्याच्या असल्या तर हलक्या लागतात; फायबरच्या असतील तर बोटाने टिचकी मारताच कळते. काही नकला मात्र जाड पत्र्याच्या आणि उलट जड असतात, त्यामुळे वजन जुळले म्हणून समाधान मानू नये. जुळले नाही तर मात्र खरेदी थांबवावी.

चुंबकाची परीक्षा सर्वांना आवडते, पण ती कोठे लागू पडते हे फार थोड्यांना माहीत असते. ब्रिटिश मार्क दोन आणि अमेरिकन एम वन यांचे टोप हॅडफील्ड पद्धतीच्या मँगेनीज पोलादाचे असतात. या पोलादाला चुंबक चिकटत नाही, किंवा दाबकामामुळे फार तर कोठे कोठे मंद ओढ जाणवते. एम वनच्या टोपाला चुंबक टपकन चिकटले, तर तो साध्या पोलादाचा, म्हणजे बहुधा नंतर दुसऱ्या कोणी बनवलेला आहे, असे धरून चालावे. युद्धानंतर युरोपातील अनेक देशांनी याच आकाराची हेल्मेटे आपापल्या पोलादात बनवली. जर्मन हेल्मेटाचे पोलाद मात्र वेगळे, त्याला चुंबक चिकटतेच. तेथे ही परीक्षा काहीच सांगत नाही, आणि ‘बघा, चुंबक चिकटतंय, म्हणजे अस्सल लोखंड’ असे म्हणणारा विक्रेता एकतर अज्ञानी असतो किंवा समोरच्याला अज्ञानी समजत असतो.

मार्क दोनमध्ये या परीक्षेला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये जे टोप लष्करी दर्जाच्या पोलादाचे नव्हते, ते हवाई हल्ल्यापासून बचाव करणाऱ्या नागरी दलांना दिले गेले, आणि त्यांची खूण म्हणून कडेजवळ दोन, तीन किंवा चार लहान भोके पाडली गेली. असे टोप अस्सल आणि युद्धकालीनच असतात, पण ते आघाडीवरचे नव्हेत. म्हणून चुंबक चिकटत असेल, तर कडेजवळ बोट फिरवून बुजवलेली भोके लागतात का ते पाहावे. बुजवून वर खाकी रंग दिलेला असेल, तर नागरी टोपाला सैनिकी करण्याचा तो प्रयत्न आहे. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या मार्क दोनच्या मागच्या कडेलाही तीन भोके असतात, पण ती मान झाकणारे कापड अडकवण्यासाठी होती. त्यांचा दर्जाशी संबंध नाही. भोके किती आहेत एवढेच न पाहता ती कोठे आहेत तेही पाहावे ते यासाठीच.

चौथी पायरी: ठसे

ठसा धातूत खोल दाबलेला, कडा किंचित मऊ झालेला आणि त्यावरून मूळ रंग वाहून गेलेला असावा. रंग आधी आणि ठसा नंतर, म्हणजे अक्षरांच्या खाचेत उघडा धातू किंवा ताजा गंज, असे दिसले तर ठसा अलीकडे मारलेला आहे.

जर्मन टोपात डाव्या बाजूला आत कारखान्याची अक्षरे आणि आकाराचा आकडा, तर मागे आतल्या बाजूस उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक असतो. काही उशिराच्या टोपांत दोन्ही मागेच आढळतात. थाले येथील कारखान्याचे ‘ईटी’, एस्लिंगेनच्या क्विस्टचे ‘क्यू’, श्वेर्टे येथील कारखान्याचे ‘एनएस’, लाउटरचे ‘एसई’ आणि फुल्डाचे ‘ईएफ’ ही अक्षरे पाठ करून ठेवावीत. आकडे ६० ते ६८ पर्यंत सम संख्यांत असतात, क्वचित ७०. या आकड्याची अस्तराशी सांगड बसली पाहिजे: ६४ च्या टोपात ५६ किंवा ५७ सेंटीमीटर डोक्याचे अस्तर, ६६ च्या टोपात ५८ किंवा ५९ चे. अस्तराच्या धातूच्या कड्यावरही दोन्ही आकडे उठवलेले असतात. ६८ च्या टोपात ६४ ची कडी बसवलेली दिसली तर अस्तर दुसरीकडून आलेले आहे, यात शंका नाही.

एम वनमध्ये पोलादाच्या ओताचा क्रमांक पुढच्या कडेच्या आत उठवलेला असतो, आणि श्लूटरच्या टोपावर त्याच्या जोडीला ‘एस’ हे अक्षर असते. मार्क दोनमध्ये पट्ट्याच्या कडीजवळ, कडेच्या खालच्या बाजूस कारखान्याची आद्याक्षरे आणि पुष्कळदा साल मिळते. ‘बीएमबी’ म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, ‘एचबीएच’ म्हणजे शेफील्डचे हॅरिसन ब्रदर्स अँड हाउसन, ‘जेएसएस’ म्हणजे जोसेफ सँकी अँड सन्स. रंगाच्या थरांखाली हे ठसे दबलेले असतात. ते दिसावेत म्हणून रंग खरवडू नये. तिरप्या प्रकाशात टॉर्च धरली की ते उठून येतात.

पाचवी पायरी: अस्तर, शिवण आणि खिळे

टोप पोलादाचा असल्यामुळे टिकतो, पण चामडे, कापड, रबर आणि दोरा यांवर ऐंशी वर्षांचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही. म्हणून वरून जीर्ण दिसणाऱ्या हेल्मेटात आत लुसलुशीत, एकसारख्या रंगाचे चामडे असेल, तर ते अस्तर नवे आहे. जुने चामडे कपाळाच्या बाजूला घामाने काळवंडते आणि ताठ होते, तर मागच्या बाजूला त्यामानाने फिके राहते. चहा, कॉफी किंवा बुटाचे पॉलिश लावून केलेला जुनेपणा सर्वत्र सारखाच पसरतो, आणि नाक जवळ नेले तर कित्येकदा त्याचा वासही येतो.

अतिनील टॉर्च येथे कामाला येते. कृत्रिम धाग्याची शिवण आणि अलीकडच्या काळातील पांढरे रंग अंधारात निळसर चमकतात. मात्र जुना सुती पट्टा युद्धानंतर कोणी आधुनिक साबणाच्या पावडरीने धुतला असेल, तर तोही चमकतो. त्यामुळे चमकला म्हणजे खोटा असे न म्हणता तो का चमकतो याचा शोध घ्यावा. संपूर्ण पट्टा चमकत असेल आणि शिवण गडद राहत असेल, तर कारण बहुधा धुलाई आहे. शिवणच चमकत असेल, तर दोरा नवा आहे.

जर्मन हेल्मेटाचे अस्तर तीन दुपाखी पिनांनी बसवलेले असते आणि त्या पिना फार बोलक्या असतात. बाहेरून पिनेच्या डोक्याभोवती रंगात वर्षानुवर्षे बसलेली वर्तुळाकार खूण असते. पिन कधी काढून पुन्हा घातली असेल तर ही खूण सरकलेली दिसते, आणि आत तिच्या वाकवलेल्या पाकळ्यांवर दुसऱ्या घडीची बारीक रेघ राहते. मार्क दोनमध्ये सगळे अस्तर माथ्यावरच्या एकाच स्क्रूवर टांगलेले असते. तेथेही स्क्रूभोवतीचा रंग तुटला आहे का ते पाहावे. तपासण्यासाठी पिना उघडण्याची परवानगी मागू नये आणि स्वतःच्या हेल्मेटाच्याही उघडू नयेत, कारण न उघडलेल्या पिना हाच पुढच्या खरेदीदारासाठी पुरावा असतो.

सहावी पायरी: रंग, गंज आणि झीज

या पायरीवर घाई करणारा माणूस फसतोच. झीज ही वापराची नोंद असते, आणि ती वाचताना प्रत्येक ओरखड्याला ‘तू येथे कसा आलास’ असे विचारता आले पाहिजे. हेल्मेट जमिनीवर ठेवले जाते, भिंतीला घासते, गाडीच्या दारावर आपटते. म्हणून रंग आधी कडेवर, माथ्यावर आणि सर्वांत बाहेर आलेल्या भागांवर जातो. खोलगट जागी, कड्यांच्या मागे आणि अस्तराखाली तो शाबूत राहतो. पट्टा जेथे वर्षानुवर्षे टोपाला टेकून राहिला तेथे त्याची सावली उमटलेली असते. सँडपेपर फिरवून केलेली झीज मात्र माणसाच्या हाताच्या सोयीने होते: रेघा एका दिशेने, सारख्या खोलीच्या, आणि नेमक्या छायाचित्रात दिसतील अशा जागी. भिंग धरून पाहिल्यास जुन्या ओरखड्याच्या तळाशी मळ, तेल आणि गडद गंज साचलेला आढळतो, तर ताज्या ओरखड्यात उघडा धातू किंवा नारिंगी भुकटी.

गंजाचा रंगही सांगतो. दशकांचा गंज गडद तपकिरी, काळपट, घट्ट आणि पृष्ठभागात रुतलेला असतो. बोट फिरवले तर फारसा निघत नाही. मीठ, व्हिनेगर किंवा आम्ल लावून आठवड्याभरात आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सर्वत्र सारखा असतो, आणि बोटाला लागतो. कोकणासारख्या दमट हवेत खरी वस्तूही पावसाळ्यात वरवर नारिंगी होते हे खरे, पण त्या नव्या गंजाखाली जुना गडद थर असतोच. गंजाची जागाही पाहावी. पाणी साचते तेथे, म्हणजे वळवलेल्या कडेच्या आत, रिवेटांभोवती आणि अस्तराच्या कडीखाली तो जास्त असायला हवा. माथा गंजून खडबडीत झाला आहे आणि वळवलेल्या कडेच्या आतला रंग मात्र नवाकोरा आहे, असे निसर्ग सहसा करत नाही.

कारखान्याच्या रंगाची पोतही ओळखीची करून घ्यावी. एम वनच्या युद्धकालीन ऑलिव्ह रंगात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मिसळलेला असे, त्यामुळे त्याचा खरखरीतपणा अनियमित आणि मऊसर दिसतो. युद्धानंतर नव्याने रंगवलेल्या टोपांवर वाळूसारखी बारीक, टोकदार पोत येते. जर्मन एम ३५ चा सुरुवातीचा रंग गुळगुळीत हिरवट असे, आणि १९४० पासून चमक टाळण्यासाठी खरखरीत मंद करडा रंग आला. एकाच टोपावर रंगाचे दोन-तीन थर असणे अगदी सामान्य आहे. फक्त थरांचा क्रम काळाच्या क्रमाशी जुळला पाहिजे, आणि सर्वांत वरचा थर सर्वांत कमी झिजलेला असूनही त्यालाच ‘लढाईतला मूळ रंग’ म्हटले जात नाही ना, हे पाहावे.

गोळीच्या भोकाबद्दल थोडे. भोक पडले की किंमत वाढते, म्हणून भोके पाडली जातात. भोकाच्या कडेवर रंग कसा तडकला आहे, उलटलेल्या धातूवर किती जुना गंज आहे आणि त्याच जागी अस्तरालाही इजा झाली आहे का, एवढे पाहावे. भोक माथ्याला आणि अस्तर अखंड, तर टोप रिकामा असताना, बहुधा एखाद्या सराव मैदानावर किंवा शेतात ते पडले. सुकलेल्या रक्ताचा डाग दाखवून भाव वाढवणाऱ्याशी व्यवहार न केलेलाच बरा. डाग खरा असला तरी.

सातवी पायरी: चिन्हे

चिन्ह सर्वांत शेवटी पाहावे, कारण एकदा ते पाहिले की आधीच्या सर्व पायऱ्यांवर मन आपोआप सूट देऊ लागते. जर्मन डेकल, म्हणजे टोपावर चिकटवलेले छापील चिन्ह, जुने असेल तर त्याखालच्या रंगाबरोबरच ते झिजते: रंगातला ओरखडा डेकलमधूनही गेलेला असतो, त्याची कड रंगात मिसळलेली दिसते आणि वरचे लॅकर पिवळट होऊन बारीक तडकते. झिजलेल्या, खड्डे पडलेल्या टोपावर अखंड डेकल बसलेले असेल, किंवा डेकल गंजाच्या खड्ड्यात उतरलेले असेल, तर ते गंजानंतर लावले गेले आहे. युद्धानंतर नॉर्वेसारख्या देशांनी मागे राहिलेली जर्मन हेल्मेटे रंग बदलून वापरली. त्यांचा टोप खरा असल्यामुळे खोट्या डेकलसाठी ती फार सोयीची ठरतात. स्पेनने आणि हंगेरीनेही जर्मन घडणीचे टोप बनवले. स्पॅनिश टोपाच्या पुढे चिन्हासाठी आणि हंगेरियन टोपाच्या मागे उपकरण अडकवण्यासाठी धातूचा तुकडा असे. तो कापून काढल्याची घासलेली जागा टिकलीएवढी का होईना, शिल्लक राहते.

अमेरिकन हेल्मेटावर सर्वाधिक खोटी होतात ती १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची पत्त्यांची चिन्हे, म्हणजे बदाम, इस्पिक, चौकट आणि किलवर, आणि त्याखालोखाल रेंजर दलाचा नारिंगी समभुज चौकोन. छत्रीधारी सैनिकांच्या एम टू हेल्मेटावर इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या पक्क्या कड्या असत, ती फार दुर्मीळ असल्यामुळे साध्या एम वनच्या कड्या काढून तेथे तशा कड्या वेल्ड करण्याचा धंदाच चालतो. वेल्डच्या बिंदूभोवती घासल्याच्या खुणा, आतल्या बाजूला जळलेला आणि पुन्हा झाकलेला रंग दिसला, तर उत्तर मिळाले.

मराठी संग्राहकाला भुरळ घालणारी खास हकिकत म्हणजे इटलीतील मराठा पलटणींची. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यामुळे ‘मराठा शिपायाचे इटलीतले हेल्मेट’ हे शब्द ऐकताच काळजाचा ठोका चुकणे स्वाभाविक आहे. पण तेथे वापरलेले हेल्मेट म्हणजे तोच साधा मार्क दोन, आणि चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड त्यावर कोणालाही काढता येतो. पलटणीचे नाव रंगवलेले असेल तर त्याचे इंग्रजी लिखाण तपासावे. त्या काळी ते जादा ‘एच’ आणि दुहेरी ‘टी’ घालून लिहिले जाई, स्वातंत्र्यानंतर आजचे रूप आले. शीख पलटणीच्या नावाचे हेल्मेट पुढे आले तर आणखी सावध राहावे, कारण बहुसंख्य शीख सैनिकांनी दोन्ही महायुद्धांत पोलादी टोप नाकारून पगडीच बांधली होती.

आठवी पायरी: बाजार, कायदा आणि व्यवहार

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मार्क दोन मिळू शकतो, पण त्यातला प्रत्येक महायुद्धातला नसतो. स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्यात या आकाराच्या टोपांचा वापर बराच काळ चालू होता. ते अस्सल लष्करी टोपच आहेत आणि रास्त भावात जरूर घ्यावेत. फक्त महायुद्धाचा भाव देऊ नये. याशिवाय भारतातून शोभेच्या लष्करी आणि सागरी वस्तूंच्या नकला मोठ्या प्रमाणावर परदेशी जातात. परदेशस्थ मराठी मंडळींनी तेथील जुन्या वस्तूंच्या जत्रेत घेतलेला पितळेने मढवलेला, चामड्याच्या पट्ट्यांचा ‘युरोपियन’ टोप मूळचा आपल्याच देशातून गेलेला निघाला, तर नवल वाटू नये.

कायद्याचे दोन मुद्दे थोडक्यात. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील टोप आता या वयाचे झाले आहेत, म्हणून तसा टोप परदेशी पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. जर्मनीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की तेथे नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे. संशोधन व शिक्षण यांसाठी असलेल्या सवलतीत घरच्या संग्रहाची जाहिरात बसेलच असे नाही.

दूरच्या विक्रेत्याकडे छायाचित्रे मागताना ती नेमकी मागावीत: चारही बाजू, माथा, आतला संपूर्ण भाग, प्रत्येक ठसा जवळून, प्रत्येक पिन किंवा स्क्रू आतून आणि बाहेरून, कडेचा सांधा, पट्ट्याची शिवण, आणि काट्यावर ठेवलेले हेल्मेट. उन्हात, फ्लॅशशिवाय काढलेली छायाचित्रे हवीत असे स्पष्ट सांगावे. ‘वस्तू माझ्या आजोबांची आहे, मला यातले काही कळत नाही’ असे म्हणणारा विक्रेता त्याच दमात डिव्हिजनचे नाव, तारीख आणि किनाऱ्याचे नाव सांगत असेल, तर त्याला बरेच काही कळते. छापील ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ दिले जात असेल तर ते कोणी दिले आणि वस्तू खोटी निघाल्यास तो पैसे परत करील का, हे विचारावे. याचे उत्तर नसेल तर तो कागद शोभेचा. ठरावीक मुदतीत, कारण न विचारता परत घेण्याची अट लेखी घ्यावी, आणि त्या मुदतीत अनुभवी संग्राहकाला हेल्मेट दाखवून त्याचे मत घ्यावे.

घरी आणल्यावर हेल्मेट धुऊ नये, तेल पाजू नये आणि रंग घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे घासणे प्रकृतीलाही बरे नाही. मऊ ब्रशने धूळ झाडून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या जागी, पट्टा न दुमडता ठेवावे. खरेदीची तारीख, विक्रेत्याने सांगितलेली हकिकत त्याच्याच शब्दांत, आणि आपल्याला पटलेल्या व न पटलेल्या बाबी एका कागदावर लिहून तो हेल्मेटाबरोबरच ठेवावा, चिकटवू मात्र नये. पुढे चिन्ह खोटे असल्याचे ठरले आणि परतीची मुदत संपलेली असली, तर तेही त्याच कागदावर लिहावे आणि विकायची वेळ आली तर कागद हेल्मेटाबरोबर द्यावा.